रानात राहिलेलं अर्धं घर

व्हिक पावलिचनं खिशातली फीत काढून घराची रुंदी मोजायला घेतली, तशी डेस हॅनिगनच्या डोक्यात तिडीक गेली. सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते, पण डिसेंबरचं, म्हणजे त्या मुलखातल्या भर उन्हाळ्याचं, ऊन पत्र्यावर तडतडायला लागलं होतं आणि माशा डोळ्यांत शिरत होत्या. डेस पिकअपमधून उतरला, दार धाडकन लावलं आणि तरातरा व्हरांड्याच्या पायऱ्यांपाशी जाऊन उभा राहिला.

"ए बाबा, काय मोजतोस?"

"घर," व्हिक म्हणाला. घरं खांबांवरून उचलायची, ट्रकवर घालायची आणि दुसरीकडं नेऊन ठेवायची, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. भावाभावांची, नवराबायकोची भांडणं बघून बघून त्याची कातडी गेंड्याची झाली होती. "मधोमध कापावं लागंल मालक. सबंध न्यायचं म्हटलं तर रस्त्यात मावत न्हाई."

"कापणार? माझ्या आजोबानं बांधलेलं घर?"

"तो माझाबी आजोबाच व्हता," आतून आवाज आला आणि मागोमाग नोएला बाहेर आली. डेसची थोरली बहीण. एकसष्ट वर्षांची, वाळलेल्या लाकडासारखी ताठ, एप्रनला हात पुसत. "आणि घर माझं हाय. आईनं लिहून ठेवलंय. रान डेसचं, घर नोएलाचं. वर्षाच्या आत घर रानाबाहेर नेलं तर नोएलाचं, न्हाई नेलं तर रानाबरोबर डेसचं. आईला जाऊन या वीस तारखेला वर्ष व्हतंय. आज हाय पाच."

"मलाबी वाचता येतं," डेस म्हणाला. "पर मी कवा म्हटलं तुला जा म्हणून? ऱ्हा की हितंच. मरंपतूर ऱ्हा. भाडं मागतंय कोण तुला?"

"तुझ्या रानात, तुझ्या मर्जीनं?"

"मर्जी कसली त्यात?"

"वाळत घातलेले कपडे तिकडनं दिसत्यात म्हणून तुझ्या बायकोनं दोनदा निरोप धाडला. ते आई जिती असताना. आता तर चुलीवर काय ठेवायचं तेबी तिला इचारावं लागंल."

"लॉरेन बोलती तशी. मनावर घ्यायचं नसतं."

"तू न्हाई घेत. तुझं काय जातंय?" नोएलानं फितीचं दुसरं टोक धरलं. "धरते मी, व्हिक. तुम्ही आकडा लिहा."

डेसकडं बोलायला पुष्कळ होतं, पण बोलायच्या बाबतीत हॅनिगन घराण्यातले पुरुष पहिल्यापासून कंजूष. त्याला सांगायचं होतं की मी याच घरात जन्मलो. त्याला सांगायचं होतं की चाळीस वर्षं ज्वारी पेरताना पहिलं तास, म्हणजे पहिली ओळ, मी याच घराच्या आढ्यावर नजर ठेवून सरळ धरतो, रानात कुठंही असलो तरी हे आढं दिसतं, आणि ते दिसेनासं झालं तर मी कुठं आहे हे मला कळणार नाही. यातलं काही न बोलता तो म्हणाला, "गावात सगळे हसतील."

"हसू देत," नोएला म्हणाली.

आता खरं सांगायचं तर आईनं केलं ते काही चूक नव्हतं. म्हातारी नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. ती नऊ वर्षं नोएलानं तिला उचललं, धुतलं, भरवलं. डेस चार हजार एकरांतली काळी माती कसत होता, ते काही कमी काम नव्हे. पण तो राहायचा रानाच्या दुसऱ्या टोकाला, लॉरेनसाठी बांधलेल्या विटांच्या घरात, आणि आईकडं यायचा तो बहुतेक वेळा दारातूनच. "बरी हायस न्हवं?" एवढं विचारायचा आणि इंजिन बंद न करता निघून जायचा. म्हातारीच्या ते लक्षात राहिलं होतं. पोरगी आपल्यामागं भावजयीच्या हाताखाली राहू नये म्हणून तिनं तिला घर दिलं, आणि दोघं जन्मभर भांडत बसू नयेत म्हणून वर्षाची मुदत घातली. मुदतीपर्यंत मात्र दोघांनी भांडून घेतलं.

नोएलानं यारानबा गावाच्या कडेला, जुन्या शाळेशेजारी दोन एकरांचा तुकडा घेतला होता. इथून नऊ किलोमीटर. तिथं घरासाठी खांबसुद्धा पुरून झाले होते. प्रश्न होता तो रानातून बाहेर पडायच्या वाटेचा. एक वाट खडीची, पक्की, पण ती डेसच्या विटांच्या घरापुढच्या अंगणातून जायची. दुसरी जुनी मातीची वाट, ज्वारीच्या रानाच्या कडेनं सरळ मागच्या फाटकाशी.

"खडीनं नेऊ," व्हिक म्हणाला. "लांब पडंल, पर भरवशाची."

"लॉरेनच्या दारातनं माझं घर न्यायचं न्हाई," नोएला म्हणाली. "ती खुर्ची टाकून बघत बसंल. मागच्या फाटकानं न्या."

"आणि पाऊस आला तर?"

यावर बहीण-भाऊ दोघंही हसले. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते तेवढ्याच गोष्टीवर. चार वर्षं पाऊस नव्हता. जमिनीला पडलेल्या भेगांत कोपरापर्यंत हात जायचा. शेजारच्या रानातली मेंढरं कधीच विकली गेली होती. दोघंही काळ्या मातीत जन्मलेले, काळी माती भिजली म्हणजे काय करते हे दोघांनाही पाठ होतं, आणि तरी डिसेंबरात, वळवाच्या तोंडावर, नोएलानं मातीची वाट धरली आणि डेसनं तिला अडवलं नाही. चार वर्षांच्या कोरडीनं माणसं विसरतात ती अशी.

सतरा तारखेला घराचा पहिला अर्धा गेला. आईची खोली, नोएलाची खोली आणि न्हाणी. डेस औजारांच्या शेडमधून बघत राहिला. ट्रक इतका सावकाश चालला होता की त्याच्यामागं धूळसुद्धा फारशी उडत नव्हती. आईच्या खोलीचा निळा रंग उन्हात उघडा पडला होता. आतली खोली अशी चारचौघांत बघून त्याला कसंतरी झालं आणि तो उगाच नांगराचे बोल्ट आवळत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेकडून ढग आले.

आधी कुणी विश्वास ठेवला नाही. असे ढग चार वर्षांत कितीतरी आले होते आणि दाखवून गेले होते. पण या खेपेला वारा एकदम पडला, माशा नाहीशा झाल्या आणि मातीचा वास सुटला. अख्ख्या यारानबात माणसं व्हरांड्यांत येऊन उभी राहिली. लोकांनी हात जोडायचे बाकी ठेवले होते. त्या सगळ्या मुलखात एकटी नोएला अशी होती की जी मनातल्या मनात म्हणत होती, आज नको, दोन तास थांब. उरलेलं अर्धं घर, म्हणजे स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, त्या वेळी ट्रकवर होतं आणि ट्रक अजून रानातल्या मातीच्या वाटेवरच होता.

डेसलाही पाऊस हवा होता. ज्वारीसाठी हवा होता, आणि ट्रक पाहिल्यावर आणखी कशासाठी हवा होता तेही त्याला कळलं. दोन्ही एकदम मनात आलं तशी त्याला स्वतःचीच शरम वाटली.

मग पाऊस कोसळला. पत्र्यांवर असा आवाज की लॉरेननं ओरडून सांगितलेलं त्याला कळेना.

"काय म्हंतीस?"

"ट्रक रुतला म्हंते मी! खिडकीतनं दिसतोय!"

डेस जागचा उठला. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. या मुलखात चिखलात कुणी रुतलं की ट्रॅक्टर घेऊन निघायचं, मग तो कुणी का असेना. हॉलोरन आणि बिर्ट या शेजारच्या शेतकऱ्यांचं कुंपणावरून वीस वर्षं कोर्ट चाललं होतं, तरी दोघांनी एकमेकांना कितीतरी वेळा ओढून काढलं होतं, आणि काढून झाल्यावर चिखलातच उभं राहून पुन्हा शिव्या दिल्या होत्या. ओढताना मात्र कुणी हात राखत नसे. तेवढी एक गोष्ट या मातीत सगळे पाळायचे.

"जातोस?" लॉरेननं विचारलं.

"जायला नको?"

"जा बाबा. परवा वीस तारीख, एवढं ध्यानात ठेव."

"तोंड आवर," डेस म्हणाला आणि आठ चाकांचा मोठा ट्रॅक्टर काढला.

ट्रक वाटेवरून घसरून डावीकडं ज्वारीच्या रानात उतरला होता आणि मागची चाकं निम्मी जमिनीत गेली होती. त्याच्यावर अर्धं घर, एका बाजूला किंचित कललेलं, कापलेल्या कडेला ताडपत्री फडफडतेय. समोर दोनशे पावलांवर फाटक दिसत होतं, त्यापलीकडं डांबरी. व्हिक डोक्यावर पोतं घेऊन शिव्या घालत होता. नोएला नडगीपर्यंत चिखलात उभी होती. तिनं भावाकडं बघितलं, पण काही मागितलं नाही. या मुलखात मागावं लागत नाही.

डेसनं साखळी अडकवली. व्हिक ट्रकमध्ये बसला. हॉर्न वाजला तसा डेसनं गिअर टाकला. साखळी चिखलातून वर आली, ताणली, तिच्यावरचं पाणी उडालं. ट्रॅक्टर क्षणभर थबकला आणि मग डेसला बसल्या जागी कळलं की ट्रक हलला. वीतभर. चाळीस वर्षं ओझी ओढणाऱ्याला ते पाठीच्या कण्यातून कळतं. निघत होता. आणखी थोडी रेस दिली असती, चाकं थोडी घसरून मग पकडली असती, की निघाला असता.

त्यानं मागं वळून बघितलं. स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्याच्याकडं तोंड करून होती. त्या खिडकीशी उभं राहून आई त्याला शेतातून बोलवायची. दोनशे पावलं, मग फाटक, मग ही खिडकी पुन्हा या रानात दिसायची नाही. त्याचा हात रेसच्या दांड्यावर होता. तो पुढं ढकलायचा होता. त्यानं तो हळूच मागं घेतला.

ट्रॅक्टर थांबला. व्हिकनं पुन्हा हॉर्न वाजवला. डेसनं पुन्हा तसंच केलं, आणि तिसऱ्यांदाही तसंच.

मग तो खाली उतरला. "न्हाई येत," तो म्हणाला. "लई वजन हाय. आणखी ओढलं तर साखळी तुटून कुणाचं तरी मुंडकं जाईल."

व्हिक गावचा नव्हता, हा ट्रॅक्टर किती ओढतो ते त्याला ठाऊक नव्हतं; त्यानं मान डोलावली. "मग घर उतरवू हितंच. ओंडके रचून त्याच्यावर ठेवतो. मोकळा ट्रक तरी निघंल."

नोएला भावाकडं बघत होती. तिच्या टोपीच्या कडेवरून पाणी गळत होतं.

"बरं," ती म्हणाली.

मोकळा ट्रक डेसनं एका दमात ओढून काढला. पाऊस तीन दिवस पडला. वीस तारीख आली आणि गेली, आणि अर्धं घर हॅनिगनच्या ज्वारीच्या रानात, ओंडक्यांवर, भिजत उभं राहिलं.

नाताळच्या आदल्या दिवशी डेस गावातल्या पबमध्ये गेला तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. चार वर्षांनी सगळ्यांच्या तोंडावर हसू होतं. म्हाताऱ्या बिर्टनं त्याच्या हातात बिअरचा ग्लास कोंबला.

"घे गड्या. माझ्याकडनं."

"कशाबद्दल?"

"बहिणीशी एवढं वाकडं, तिचा ट्रक रुतला तर त्यात तुझाच फायदा, तरी गेलास का न्हाई धावत? व्हिक सांगत व्हता, तीनदा ओढलंस म्हणं. माणूस असावा तर असा."

चारचौघांनी पाठीवर थापा मारल्या. डेसनं ग्लास तोंडाला लावला. एका घोटानंतर तो तसाच टेबलावर ठेवून तो बाहेर पडला. त्या दिवसापासून त्यानं पबमध्ये जायचं सोडलं, आणि लोकांना वाटलं पेरणीच्या घाईत आहे.

पेरणीची घाई होतीच. ओल होती तोवर ज्वारी पडायला हवी होती. त्यानं घराभोवती वळसा घालून पेरलं. सरळ तासांचा माणूस तो, त्याला त्या वाकड्या ओळी बघवत नव्हत्या. दोन आठवड्यांत रान हिरवं झालं आणि मधोमध ते अर्धं घर, ओसरी नाही, पायरी नाही, एका अंगाला ताडपत्री. डांबरीवरून जाणारे गाड्या थांबवून बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, डेसनं या खेपेला ज्वारीत घर पेरलंय, कापणीला सबंध निघंल. ते लॉरेनच्या कानावर गेलं.

"लोकांनी तमाशा केलाय आपला," ती म्हणाली. "एक तर ते पाडून टाक, न्हाई तर तिला दिऊन टाक."

"तूच म्हणालीस ना, वीस तारीख ध्यानात ठेव?"

"म्हणाले. मी काय म्हंते ते तू कवा ऐकलंस, म्हणून आत्ताच ऐकावं?" मग तिचा आवाज जरा खाली आला. "रविवारी चर्चमध्ये बघितलं तिला. निम्म्याला आलीय. चूल न्हाई, भांडी घासायला मोरी न्हाई, डब्यातले बीन्स गार खाती म्हणं. मला ती आवडत न्हाई, पर असं कुत्र्यालाबी ठेवू नये."

जानेवारीत रान वाळलं तेव्हा व्हिकचा फोन आला. "मालक, तुमची हरकत नसंल तर ते अर्धं नेतो म्हटलं बाईंना. तर बाई न्हाई म्हंत्यात."

"न्हाई? कशापायी?"

"म्हंत्यात, तारीख गेली. ते आता डेसचं. डेसच्या रानात डेसचं घर."

डेसनं चिठ्ठी पाठवली, घर घेऊन जा, माझी हरकत नाही. चिठ्ठी परत आली, मागच्या बाजूला तिच्या अक्षरात एकच ओळ होती. उपकार नकोत.

मग डेसला झोप लागेना. जेवण जाईना. ट्रॅक्टरवर बसला की हात आपोआप रेसच्या दांड्याकडं जायचा आणि तो दचकायचा. गुन्हा कोर्टात सांगण्यासारखा असता तर बरं झालं असतं, दंड भरून मोकळा झाला असता. हा असा होता की कुणाला कळलाच नव्हता आणि वर त्याच्याबद्दल बिअर मिळाली होती.

फेब्रुवारीच्या शेवटी ज्वारीला कणसं आली. असं पीक डेसनं दहा वर्षांत बघितलं नव्हतं. एका सकाळी तो उठला, दाढी केली आणि लॉरेनला न सांगता नोएलाकडं गेला.

ती अंगणात बादलीत भांडी घासत होती. मागं तिचं अर्धं घर खांबांवर उभं होतं, कापलेल्या बाजूला ताडपत्री खिळ्यांनी ठोकलेली. ताडपत्रीखाली एक गॅसची शेगडी, एक खुर्ची.

"नोई."

"काय रं?"

"घर घिऊन जा."

"ते झालंय बोलून. तुझं हाय ते."

"माझं न्हाई."

"आईनं लिहिलंय."

"आईनं लिहिलं ते ट्रक रुतल्यावर काय, ते न्हाई लिहिलं." डेसनं टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. "नोई, त्या दिशी मी... ट्रक येत व्हता."

नोएलाचा हात बादलीत थांबला.

"येत व्हता तो. वीतभर आला व्हता. मी जोर लावला न्हाई. तिन्ही टायमाला मीच हात आखडला. खिडकी दिसली आणि मला... ते जाऊ दे. मी ओढलं न्हाई तुला. चिखलात व्हतीस आणि मी ओढायचं सोंग केलं." एवढं बोलून त्याला धाप लागली. जन्मात तो एका दमात इतकं बोलला नव्हता. "आता सांग गावाला. सांगायला पायजेच."

नोएलानं भांडं बाजूला ठेवलं. हात झटकले. उठून उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण दुसरंही काही नव्हतं.

"मला तवाच कळलं व्हतं," ती म्हणाली.

"तवाच?" डेस म्हणाला.

"मी काय शहरातनं आलेय? बापाच्या मांडीवर बसून ट्रॅक्टर चालवायला शिकले, तुझ्या आधी. इंजिन कण्हलं न्हाई. धूर काळा झाला न्हाई. चाकं एकदाबी घसरली न्हाईत. आठ चाकांचा ट्रॅक्टर, पुरं ओझं ओढतोय, आणि चाक जागेवर फिरत न्हाई? असं कवा झालंय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? व्हिकपुढं बोलू, माझ्या भावानं असं केलं म्हणून?" तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "घर गेलं त्याचं इतकं न्हाई वाटलं डेस. आईला नऊ वर्षं केलं तवा तू दारातनं जायचास, तेबी मी गिळलं. पर तू रुतलेल्या माणसाला... मला वाटलं, येईल. आज न्हाई उद्या येऊन सांगंल. जानेवारी गेला. तू चिठ्ठी धाडलीस, हरकत न्हाई म्हणून. हरकत कुणाची व्हती रं?"

डेसचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्याला लाज वाटत होती, म्हणून तो ताडपत्रीच्या खिळ्यांकडं बघत राहिला.

"उद्याच व्हिकला बोलावतो," तो शेवटी म्हणाला. "पिकातनं वाट काढतो. पन्नास फूट आडवं करतो, सरळ फाटकापतूर."

"काय करायची गरज न्हाई."

"नोई—"

"ज्वारीनं काय केलंय तुझं? भरल्या कणसात ट्रॅक्टर घालणार, आणि कशापायी? तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून? कापणी होऊ दे. तवर बघत बस त्या घराकडं."

"आणि तू हितं अशी?"

"मी अशी डिसेंबरपासनं हाय," नोएला म्हणाली आणि पुन्हा भांडी घासायला बसली.

मे महिन्यात ज्वारी कापली गेली. पीक उदंड आलं. डेसला रोज सकाळी पहिल्यांदा ते अर्धं घर दिसायचं. कापणीयंत्र त्याच्याभोवती वळसा घालून नेताना तो आत बघायचा नाही.

व्हिक आला तेव्हा जमीन लोखंडासारखी टणक होती. ट्रॅक्टरची गरजही नव्हती, तरी डेस तो घेऊन फाटकापर्यंत ट्रकच्या पुढं पुढं गेला, साखळी न लावताच. पुढचे दोन दिवस दोन्ही अर्धी जोडण्यात गेले. खालची तुळई टेकवायला, फळ्या पकडायला, पत्रे वर द्यायला डेस होता. व्हिक खिळे ठोकायचा, नोएला सांगायची कुठं फट राहिली. डेसशी ती कामापुरतं बोलली. जोडावरची एक फळी बोटभर वरखाली राहिली, ती काही केल्या बसेना.

"ऱ्हाऊ दे ती," नोएला म्हणाली.

संध्याकाळी तिनं चूल पेटवली. पाच महिन्यांनी त्या स्वयंपाकघरातून धूर निघाला. व्हिकला तिनं चहा दिला, फळांचा केक दिला. डेस खाली अंगणात औजारं गोळा करत होता. त्यानं ती एकदा पिकअपमध्ये टाकली, पुन्हा काढून नीट लावली. अंधारायला लागलं तेव्हा नोएला दारात आली.

"डेस."

"हां?"

"गावाला मी काय सांगितलं न्हाई. सांगणारबी न्हाई."

"सांगितलंस तरी चालंल."

"मला न्हाई चालणार." ती दाराची चौकट धरून उभी होती. आत दिवा लागला होता. "आत ये म्हणाले असते. पर आत्ता माझ्याच्यानं न्हाई व्हणार. जरा येळ लागंल. मी हाक मारीन तवा ये."

"किती येळ?"

"ते मला काय ठावं?"

डेस घरी आला तर लॉरेन फाटकाशीच उभी होती.

"झालं? बसलं घर?"

"बसलं."

"चहा दिला का तिनं?"

"न्हाई. बोलावणार हाय म्हणाली."

"कवा?"

"फोन करंल."

जून-जुलैच्या त्या हिवाळ्यात फोन वाजला की डेस भरल्या ताटावरून उठायचा आणि लॉरेनच्या आधी रिसीव्हर उचलायचा. बहुतेक वेळा बियाणंवाला असायचा, कधी चुकीचा नंबर. "ती न्हाई," असं सांगून तो परत येऊन बसायचा आणि लॉरेन त्याचं गार झालेलं मटण पुन्हा गरम करायला घ्यायची.